माजघरातला सर्व्हर

दोन वर्षांपूर्वीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझ्या दोन्ही नणंदा माहेरी आल्या होत्या. खापरावरचे मांडे आणि आमरस असे जेवण झाले, अंगणातल्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर मुली जाऊन बसल्या, आणि धाकटी नणंद मला म्हणाली, "वहिनी, मायनं गानं लावा ना." सासूबाई त्याच्या आदल्या पौषात गेल्या होत्या. जात्यावरच्या ओव्या, कानबाईची आणि गौराईची गाणी, हळदीची गाणी असे त्यांच्या आवाजातले जे काही मी सहा वर्षांत मोबाइलवर टिपून ठेवले होते, ते सगळे एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर होते आणि ती डिस्क वरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात होती. मी ती काढली तेव्हा तिची पेटी हाताला चटका बसावा इतकी तापलेली होती. लॅपटॉपला जोडल्यावर आतून तीन वेळा टक्-टक् असा आवाज आला, दिवा लागून विझला, आणि पुढे काहीच झाले नाही. थोरल्या नणंदेने ती पेटी माझ्या हातातून घेतली, पदरात धरली आणि बराच वेळ तशीच बसून राहिली.

पुढचे नऊ दिवस मी गोळाबेरीज करण्यात घालवले. जुन्या मोबाइलचे मेमरी कार्ड, नणंदांच्या फोनवर कधीतरी पाठवलेल्या फाइली, भाऊजींच्या, म्हणजे माझ्या दिरांच्या, लॅपटॉपवरची एक अर्धवट प्रत असे जिथून जे मिळाले ते जमवले. प्रत्येक ध्वनिमुद्रणाची तारीख आणि कालावधी लिहून ठेवण्याची सवय मला होती, त्यामुळे वहीत एकूण ३१ तासांची नोंद होती. हाती लागले २६ तास. उरलेल्या पाच तासांसाठी ती डिस्क दुरुस्तीला पाठवली, तर आतल्या तबकडीवर ओरखडे पडले आहेत आणि काही निघणार नाही, असे उत्तर आले. त्या पाच तासांत काय काय होते, त्याची यादी मी वहीच्या मागच्या पानावर काढून ठेवली.

घरात स्वतःचा सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फाइली एका जागी ठेवून त्या इतर यंत्रांना पुरवणारा संगणक, असावा आणि घरातली सगळी यंत्रे एका नीट आखलेल्या जाळ्यात असावीत, हा विचार त्यातून आला. मी अमळनेरला माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. संगणकाचे औपचारिक शिक्षण माझ्याकडे नाही, मात्र मुलगा पुण्यात अभियांत्रिकीला आहे. त्याला फोन करून मी कोणते यंत्र घ्यावे असे विचारले, तेव्हा त्याने यंत्राचे नाव सांगितले नाही. "आई, काय ठेवायचंय, कोण कोण ते बघणार आहे, आणि त्यातलं काय गेलं तर पुन्हा कधीच मिळणार नाही, एवढं आधी लिही," असे तो म्हणाला. ते लिहिण्यात माझा एक आठवडा गेला, आणि आज मागे वळून पाहताना त्या आठवड्यातच निम्मे काम झाले होते, असे मला वाटते.

कारण हिशेब मांडल्यावर जे दिसले ते मला अपेक्षित नव्हते. मोबाइलवरचे ध्वनिमुद्रण सेकंदाला १२८ किलोबिट या दराचे होते, म्हणजे सेकंदाला १६ किलोबाइट. त्या दराने २६ तासांचे मिळून अवघे दीड जीबी होतात. घरातले फोटो आणि लग्नकार्यांची चित्रणे ४०० जीबीच्या आसपास होती. शेतीचे उतारे, फेरफार, पावत्या, मुलांची प्रमाणपत्रे हे सगळे स्कॅन करूनही ३ जीबीच्या पुढे जात नव्हते. आणि आमच्या यजमानांना खळ्यात कापसाच्या गंजीवर आणि मोटारीवर लक्ष ठेवायला दोन कॅमेरे हवे होते. एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट या दराने चित्रण करतो असे धरले, तर तासाला १.८ जीबी, दिवसाला ४३ जीबी, आणि दोन कॅमेऱ्यांचे महिनाभराचे चित्रण ठेवायचे तर अडीच टीबीहून अधिक जागा लागते. सासूबाईंचा मिळालेला सगळा आवाज एका कॅमेऱ्याच्या पन्नास मिनिटांत मावत होता. जागा कोणाला किती लागते आणि जपायचे काय, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नसतो, हे मला त्या आकड्यांनी शिकवले. म्हणून मी कॅमेऱ्यांचा साठा वेगळ्या साध्या डिस्कवर, दहा दिवसांनंतर आपोआप पुसला जाईल असा ठेवायचे ठरवले आणि सर्व्हरचा विचार उरलेल्या गोष्टींपुरताच केला.

नंतर घराचा नकाशा काढला. आमच्या घराचा मागचा भाग धाब्याचा आहे, दोन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंतींचा. पुढचा भाग वीस वर्षांपूर्वी बांधलेला, सिमेंटचा. मागे परस, त्यापलीकडे खळे, आणि खळ्याच्या टोकाला भाऊजींचे घर. फायबरची जोडणी पुढच्या खोलीत येते आणि वाय-फाय माजघराच्या उंबरठ्यावर संपते. मोबाइल हातात घेऊन मी घरभर फिरले आणि सिग्नलचे आकडे नकाशावर लिहिले. २.४ गिगाहर्ट्झची लहर ५ गिगाहर्ट्झपेक्षा भिंतीतून अधिक जाते, हे मी मुलांना शिकवत आले आहे. परंतु आमच्या माजघराच्या भिंतीपुढे दोन्हींची गत सारखीच होती. राउटर कितीही भारी आणला तरी या घरात तारेवाचून गत्यंतर नाही, हे त्या नकाशाने स्पष्ट केले.

सर्व्हर कुठे ठेवायचा, हा प्रश्न खान्देशात अत्यंत महत्त्वाचा आहे, आणि बाहेरचे लोक लिहितात त्यात त्याला जवळपास स्थान नसते. आमच्याकडे वैशाखात पारा ४४–४५ अंशांपर्यंत चढतो. मी शाळेतल्यासारखे तीन साधे तापमापक आणले आणि आठ दिवस दुपारी चार वाजता नोंदी घेतल्या. वरच्या खोलीत ४२ ते ४३ अंश, पुढच्या बैठकीत ३९, आणि माजघरात ३३ ते ३४. चालू डिस्क भोवतालच्या हवेपेक्षा आठ-दहा अंशांनी गरम असते. बनवणारे ६० अंशांपर्यंत चालेल असे सांगतात, परंतु वर्षानुवर्षे चालवायची डिस्क मला ४५ च्या आत हवी होती. म्हणजे वाय-फाय अडवणारी तीच जाड भिंत सर्व्हरला मात्र सावली देणार होती. जिथे सासूबाईंची ज्वारीची कोठी असायची, त्या कोपऱ्यात यंत्र ठेवायचे मी ठरवले. धाब्यातून माती झरते, म्हणून त्या कोपऱ्यावर जाड कापडाचे छत ताणले. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, म्हणून यंत्र भिंतीपासून वीतभर पुढे, कमरेएवढ्या उंचीच्या लाकडी घडवंचीवर ठेवले. आणि धान्याच्या जागी उंदरांचा वावर जुना असतो, म्हणून त्या खोलीतली एकही तार उघडी राहू दिली नाही.

तारेचा अनुभव सविस्तर सांगण्यासारखा आहे. माझ्या आराखड्यात कॅट-सिक्सच्या, म्हणजे संगणक जोडायच्या जातीच्या, सात तारा होत्या, सगळ्या माजघरातल्या १६ खणी स्विचपासून, म्हणजे या तारा एकत्र जोडणाऱ्या डब्यापासून, निघणाऱ्या, आणि सर्वांत लांब तार ३४ मीटरची. ही तार १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट वेग देते, त्यामुळे घरात लांबीची अडचण नव्हती. वायरमनने ओळखीच्या दुकानातून एक गुंडाळी आणून दिली. ती उचलल्याबरोबर मला हलकी वाटली. एका टोकाचे आवरण सोलले आणि आतली एक तार ब्लेडने खरवडली, तर तांबूस रंग निघून खाली पांढरी धातू दिसू लागली. ती ॲल्युमिनियमची तार होती, वर तांब्याचा मुलामा दिलेली. अशी तार वाकवली की लवकर तुटते, तिचा रोध अधिक असतो, आणि त्याच तारेतून कॅमेऱ्याला वीज द्यायची असेल तर ती तापते. खोक्यावर मात्र केवळ कॅट-सिक्स एवढेच छापलेले होते. वायरमनदादांना मी ती खरवडलेली तार दाखवली, ते म्हणाले, "ताई, मी पंधरा वर्षं हीच टाकतोय." गुंडाळी परत केली. मग मी स्वतः रेल्वेने जळगावला गेले आणि गोलाणी मार्केटमधून अस्सल तांब्याची गुंडाळी, क्रिम्पिंगची पकड आणि टेस्टर घेऊन आले. ज्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाच्या कारखान्यातून विप्रोचा आरंभ झाला, तिथेच या वस्तू सहज मिळत्या तर मला अधिक आनंद झाला असता.

मातीच्या भिंतीला झिरी मारायला मी नकार दिला. तिथे भिंतीवरून पट्टी घेतली आणि सिमेंटच्या भागात झिरी मारून पाइप घातला. विजेच्या तारेचा पाइप आणि या तारांचा पाइप यांच्यात सगळीकडे किमान एक वीत अंतर ठेवले. जॅक बसवण्याचे काम मी स्वतः केले. आठ तारा असतात, दोन-दोनचे चार पीळ. पीळ उलगडून त्या सरळ करायच्या, पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी अशा ओळीने लावायच्या, एकसारख्या कापायच्या आणि जॅकमध्ये शेवटपर्यंत सरकवून पकडीने दाबायच्या. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही. कारण त्या पिळामुळेच बाहेरचा विद्युत अडथळा दोन्ही तारांवर सारखा पडतो आणि पलीकडे वजा होऊन जातो.

सगळे जोडल्यावर बैठकीतल्या लॅपटॉपवरून फोटो पाठवू लागले, तर वेग सेकंदाला ११ मेगाबाइट. १ गिगाबिटच्या तारेवर ११० च्या आसपास मिळायला हवा होता. मी दोन संध्याकाळी सर्व्हरच्या मांडणीत चूक शोधत बसले, आणि तिथे काही सापडेना. मुलाला आकडा सांगितला तेव्हा तो लगेच म्हणाला, "आई, ११ म्हणजे १०० मेगाबिटचा जोड झालाय. तार बघ." १०० मेगाबिटला दोनच जोड्या पुरतात, पहिली-दुसरी आणि तिसरी-सहावी तार, १ गिगाबिटला मात्र चारही जोड्या लागतात, आणि एखादी तुटली तर दोन्हीकडची यंत्रे काही न बोलता खालच्या वेगावर येतात. टेस्टर लावला: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात हे दिवे लागले आणि आठवा लागला नाही. जॅक उजेडात धरून पाहिला, तर तपकिरी तार बाकीच्यांपेक्षा केसभर आखूड कापली गेली होती आणि तिच्यावरचे पितळी पाते रिकाम्या जागेत उतरले होते. जॅक कापून टाकला, नवा बसवला, आणि वेग ११२ वर गेला. तेव्हापासून मी प्रत्येक जॅक आधी टेस्टरवर तपासते आणि मगच भिंतीत बसवते.

भाऊजींच्या घरापर्यंतचे ४५ मीटर हा वेगळा विषय होता. तीन वर्षांपूर्वी त्यांनी खळ्यावरून उघडी तांब्याची तार ओढून इंटरनेट घेतले होते, आणि वळवाच्या पहिल्याच पावसात वीज कडाडली तेव्हा दोन्ही घरांतली यंत्रे एकदम जळाली. वीज तारेवर थेट पडावी लागत नाही. जवळ पडली तरी एवढ्या लांब तारेत दाब निर्माण होतो, शिवाय दोन घरांचे अर्थिंग वेगवेगळे असेल तर त्यांच्यातला फरक त्या तारेवाटे वाहतो. म्हणून दोन इमारतींच्या मध्ये मी तांबे ठेवलेच नाही. तयार टोके बसवलेली ६० मीटरची फायबर घेतली, दोन्हीकडे तारेतल्या संकेताचा प्रकाश आणि प्रकाशाचा पुन्हा संकेत करणारा एकेक मीडिया कन्व्हर्टर लावला, आणि ट्रॅक्टर जातो त्या जागी दीड फूट खोल चर खणून ती एक इंची पाइपातून नेली. काच वीज वाहून नेत नाही, एवढे साधे कारण त्यामागे आहे. तिला तीव्र वळण द्यायचे नाही आणि जोडलेल्या टोकात डोळा लावून पाहायचे नाही, या दोन गोष्टी मी भाऊजींच्या मुलांना दोनदा बजावून सांगितल्या. गेल्या ज्येष्ठात आमच्या शेजारच्या शेतात वीज पडली; त्या रात्री दोन्ही घरांतल्या यंत्रांचे दिवे तसेच लुकलुकत होते.

जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो; त्या पत्त्यांची आखणी मी चौकटीच्या वहीत केली. घरगुती जाळ्यासाठी जे पत्ते राखून ठेवलेले आहेत ते १९९६ साली ठरले, आणि त्यांतला १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० हा गट बहुतेक राउटर तयारच घेऊन येतात. मी मुद्दाम १९२.१६८.४२ हा गट घेतला, कारण मुलाच्या वसतिगृहातही १९२.१६८.१ च आहे, आणि दोन्हीकडे एकच गट असेल तर बाहेरून घरात शिरताना कोणता पत्ता कुठला हे यंत्राला कळत नाही. १ ते १९ राउटर, स्विच आणि वाय-फायची यंत्रे. २० ते २९ सर्व्हर आणि प्रिंटर. ३० ते ४९ कॅमेरे. १०० च्या पुढे फोन आणि पाहुणे. कॅमेऱ्यांना इंटरनेटवर जाण्याची परवानगी राउटरमध्ये बंद केली. ही वही सर्व्हरच्या घडवंचीवरच असते.

यंत्र म्हणून एका कार्यालयातून निघालेला जुना टॉवर घेतला: सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम, प्रणालीसाठी छोटा एसएसडी आणि ४ टीबीच्या दोन नव्या डिस्क, एक दुसरीचा आरसा असलेल्या. मोजल्यावर सर्व्हर सरासरी २८ वॉट खातो, म्हणजे महिन्याला सुमारे २० युनिट. त्यावर डेबियन १२ ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली बसवली, फाइली वाटायला सांबा, गाणी आणि चित्रणे दाखवायला जेलीफिन. सांबाचा आरंभ १९९२ साली ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी केला आणि तो तेव्हापासून कोणालाही विनामूल्य वापरता येतो. त्याच्या आधाराने आज आमच्या माजघरातल्या ओव्या दोन घरांत ऐकू येतात, हे लिहिताना मला मनापासून कृतज्ञता वाटते.

विजेचा प्रश्न मात्र मला सर्वांत जास्त दिवस पुरला. उन्हाळ्यात आमच्याकडे लाइट दिवसातून तीन-चार वेळा जाते, कधी दोन मिनिटे, कधी चार तास. सगळे घरच्या इन्व्हर्टरवरच जोडावे, असे वायरमनदादांचे मत होते. परंतु आमचा इन्व्हर्टर पंख्यांसाठीचा आहे. लाइट गेल्यावर तो हाती घेईपर्यंत जो क्षण जातो तेवढ्यात संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि लिहिणे चालू असताना असे झाले तर फाइल बिघडू शकते. म्हणून सर्व्हर आणि स्विच यांना ६०० व्हीएचा स्वतंत्र यूपीएस घेतला. व्हीए, म्हणजे व्होल्ट-अँपिअर, हे वॉट नव्हेत. आमच्या यूपीएसच्या पाठीवर ३६० वॉट असे लिहिले आहे, आणि आमच्या भारावर तो २४ मिनिटे टिकला. चार तासांच्या अंधाराला २४ मिनिटे पुरत नाहीत, म्हणून यूपीएस यूएसबी तारेने सर्व्हरला जोडला आणि एनयूटी नावाचा प्रोग्राम बसवला: लाइट गेल्यावर आठ मिनिटे वाट पाहायची आणि मग सर्व्हरने स्वतःहून शिस्तीत बंद व्हायचे.

येथे एक बारकावा आहे, आणि तो मला तिसऱ्या भारनियमनाला कळला. यंत्राच्या बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ मांडणीत, वीज परत आल्यावर आपोआप सुरू हो, अशी सोय असते आणि ती मी चालू केली होती. परंतु सर्व्हर बंद होत असतानाच लाइट परत आली, तर यूपीएसने सर्व्हरची वीज तोडलेलीच नसते. सर्व्हरच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही, म्हणून तो सुरूही होत नाही. मी शाळेतून आले तर घरात सगळे दिवे चालू आणि सर्व्हर शांत. त्यावर उपाय असा, की सर्व्हरने बंद होताना अगदी शेवटी यूपीएसलाच सांगायचे, की थोड्या वेळाने तू तुझी बाहेर जाणारी वीज तोड आणि लाइट असेल तर पुन्हा दे. ही आज्ञा सगळे यूपीएस पाळत नाहीत. माझा पाळतो, हे मी मुद्दाम मेन स्विच खाली पाडून पाच वेळा तपासले. राउटर आणि फायबरचा डबा यांना १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस पुरला.

घराबाहेरून पोहोचण्याचे काम मला सोपे वाटले होते आणि ते सोपे नव्हते. राउटरवर बाहेरचा पत्ता पाहिला, तर तो १०० ने सुरू होणारा होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या अंतर्गत वापराचे असतात. अनेक घरे मिळून बाहेर एकच पत्ता वापरतात, आणि त्यामुळे बाहेरून आमच्या दारापर्यंत थेट येताच येत नाही. मुलाने टेलस्केल नावाची सेवा सुचवली. दोन यंत्रांमध्ये सांकेतिक, खासगी वाट तयार करणाऱ्या वायरगार्ड या पद्धतीवर ती आधारलेली आहे. दोन्हीकडची यंत्रे आतूनच बाहेर हात पुढे करतात आणि एकमेकांना गाठतात, राउटरमध्ये एकही दार उघडावे लागत नाही. सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा ठेवण्यापेक्षा मला हेच अधिक सुरक्षित वाटले.

आता प्रतींविषयी. एकमेकींचा आरसा असलेल्या दोन डिस्क म्हणजे सुरक्षित प्रत, हा समज मोडायला हवा. एक डिस्क मेली तर दुसरी काम चालू ठेवते, एवढेच. मी चुकून एखादी फाइल पुसली तर ती त्याच क्षणी दोन्हीकडून जाते. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर, हा नियम मी पाळला. रोज रात्री दोन वाजता सर्व्हर दुसऱ्या स्वतंत्र डिस्कवर प्रत काढतो. सांकेतिक स्वरूपात बंद केलेल्या दोन पोर्टेबल डिस्क आहेत. एक इथे, एक थोरल्या नणंदेकडे धुळ्याला, आणि येण्याजाण्यात त्यांची अदलाबदल होते. गाण्यांचा दीड जीबी तेवढा क्लाउडवरही आहे.

पहिल्यांदा गाणी सर्व्हरवर नेली तेव्हा मधे एक सूचना आली होती, आणि मी ती वगळा असे म्हणून पुढे गेले होते. नंतर दोन्हीकडच्या फाइली मोजल्या: लॅपटॉपवर ४१२, सर्व्हरवर ४०५. सात कमी. त्या सातही फाइलींची नावे लांब होती. मी प्रत्येक फाइलीला ओवीचा पूर्ण पहिला चरण, गाणारणीचे नाव, गाव आणि प्रसंग असे नाव देत असे. विंडोज २५५ अक्षरचिन्हे मोजते, लिनक्सची फाइलप्रणाली मात्र २५५ बाइट मोजते, आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, मात्रा असो, अनुस्वार असो की पाय मोडायची खूण असो, ३ बाइट घेते. 'कानबाई' हा शब्द १८ बाइटांचा, 'लक्ष्मी' २१ बाइटांचा. म्हणजे आपल्या लिपीत फाइलीचे नाव जेमतेम ८५ चिन्हांचे होऊ शकते. आपल्या भाषेत नाव देणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवे, असे मला वाटते. मी नावे आखूड केली, बाकीचा तपशील प्रत्येक फाइलीसोबतच्या मजकुरात लिहिला, आणि तेव्हापासून प्रत्येक प्रतीनंतर फाइलींची संख्या आणि त्यांची तपासणीची बेरीज, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून संगणकाने काढलेला आकडा, दोन्हीकडे जुळवते.

दिवाळीत आम्ही, सर्व्हरवरचा सगळा साठा गेला असे समजून पाहायचे ठरवले. मुलाने सर्व्हर बंद केला, धुळ्याहून आणलेली डिस्क आणि भाऊजींचा रिकामा लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "यातून आजीची गाणी काढून दाखव." डिस्कने परवलीचा शब्द मागितला. तो शब्द मी पासवर्डच्या फाइलीत जपून ठेवलेला होता, आणि ती फाइल फक्त सर्व्हरवर होती. खरोखरच सर्व्हर गेला असता, तर धुळ्याची डिस्क माझ्या हातात असूनही मला उघडता आली नसती. त्या दिवशी तो शब्द कागदावर लिहिला. एक कागद घराच्या खरेदीखतासोबत इथे, दुसरा धाकट्या नणंदेकडे नंदुरबारला. डिस्क धुळ्याला आणि शब्द नंदुरबारला, अशी विभागणी मुद्दाम केली आहे. मग पुन्हा तपासणी केली आणि रिकाम्या लॅपटॉपवर पहिली ओवी चाळीस मिनिटांनी वाजली.

यंदाच्या आखाजीला नणंदा आल्या तेव्हा मी वहीचे मागचे पान त्यांच्यापुढे ठेवले, हरवलेल्या पाच तासांच्या यादीचे. थोरल्या नणंदेने चष्मा लावून एकेक ओळ वाचली. काही ओव्यांचे नुसते पहिले चरण तिला येत होते, काही पूर्ण येत होत्या; दोन ओव्यांवरून दोघी बहिणींचा वाद झाला आणि शेवटी दोन्ही तऱ्हा ठेवायच्या असे ठरले. माजघरात, जुन्या जात्याशेजारी बसून त्या रात्री साडेअकरापर्यंत गात होत्या. मधे एकदा लाइट गेली; यूपीएसची शिट्टी ध्वनिमुद्रणात आली आहे, ती मी काढलेली नाही. सकाळी उठून रात्रीच्या प्रतीची नोंद पाहिली: १९ नव्या फाइली, दोन्हीकडची बेरीज जुळलेली. यादीतल्या तेवढ्या ओळींपुढे मी पेन्सिलीने खुणा केल्या.